रूपाली विधातेचे साडेपाच तास

मखमलाबादच्या विधात्यांच्या घरात संगणकावर पोट भरणारी रूपाली पहिलीच. घरची दीड एकर फुलशेती. झेंडू, शेवंती, आणि फुलांचे दिवस नसतील तेव्हा मेथी-कोथिंबीर. आई सरुबाई पंचवीस वर्षं गणेशवाडीच्या बाजारात फुलांच्या पाट्या घेऊन बसली. मुलगी नेमकं काय काम करते हे तिला कधी नीट उमगलं नाही. कोणी विचारलं तर सांगायची, "अंबडला कंपनीत हाय. मशीन दिवसभर काय काय बोललं, ते वाचती." रूपालीला आधी याचं हसू यायचं. पुढे तिच्या लक्षात आलं, की आपण दहा वाक्यांत सांगतो ते आईने एकाच वाक्यात सांगितलंय.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर अमित खैरनारांची कंपनी होती. माणसं पंधरा. जिल्ह्यातले काही कारखाने, शीतगृहं आणि द्राक्षं निवडून पेट्यांत भरणारी पॅकहाऊस यांच्या यंत्रांवर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. कोल्ड चेंबरचं दार उघडलं, तापमान वाढलं, वीज गेली, भोंगा वाजला, की त्या प्रत्येक घटनेची एक ओळ कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर लिहिली जायची. ओळीच्या सुरुवातीला वेळ, पुढे काय घडलं ते. अशा दिवसाला हजारो ओळी. यालाच ती मंडळी लॉग म्हणत. काही बिघडलं की रूपाली तो लॉग उघडून बसायची आणि आधी काय झालं, मग काय झालं, हे शोधून काढायची.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने मार खाल्ला होता. एका कारखान्यातला कॉम्प्रेसर सोमवारी पहाटे चारला बंद पडला होता आणि ती सोमवारचा लॉग तासभर चाळत राहिली. काही सापडेना. अमित सर मागे येऊन उभे राहिले.

"रविवारी बघ," ते म्हणाले.

"सर, पण सोमवारी बंद पडलाय."

"आपल्याकडे सोमवार. सर्व्हरला गाव नसतं. तो जगाची ठरलेली एकच वेळ लिहितो, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले पहाटेचे चार म्हणजे त्याच्याकडे रविवारी रात्रीचे साडेदहा."

रविवारी साडेदहाला ती ओळ सापडली. त्या दिवसापासून साडेपाच तास तिच्या डोक्यात कायमचे बसले. पुढच्या नऊ वर्षांत ते इतके अंगवळणी पडले, की लॉगमध्ये साडेसहा वाचलं की तिच्या मनात आपोआप दुपारचे बारा वाजायचे. नवरा संतोष अंबडलाच एका कारखान्यात फिटर, पाळ्यांमध्ये काम करणारा. तो गमतीने म्हणायचा, "माझी शिफ्ट बदलली तरी मी नाशकात असतो. तू रोज कुठं जाऊन येतेस?"

ही गोष्ट घडली फेब्रुवारीत, द्राक्षांच्या ऐन हंगामात.

पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला रविराज मोगल यांचं पॅकहाऊस होतं. रविराजभाऊ वयाने साठीचे, बागेत जास्त रमणारे. पॅकहाऊसचा रोजचा कारभार त्यांचा पुतण्या ललित बघायचा. तिथल्या चेंबर तीनमध्ये लंडनला जाणारा माल थंड करून ठेवला होता. एका गुरुवारी सकाळी तपासणीवाल्याने चार पेट्या उघडल्या, तर पिशव्यांना आतून पाणी सुटलेलं आणि देठ तपकिरी पडायला लागलेले. आदल्या दिवशी माल थंडीतून गरम होऊन पुन्हा थंड झाला होता. म्हणजे बुधवारी कोणीतरी दार उघडं टाकलं होतं. अर्धा चेंबर माल परदेशी जायच्या लायकीचा राहिला नाही.

ललितचा रूपालीला फोन आला. "मॅडम, कालचा चेंबर तीनचा रिपोर्ट लगेच पाठवा. दार कधी उघडलं, कधी लागलं, एवढंच."

पंधरा मिनिटांत त्याचे आणखी दोन फोन आले. रूपालीच्या टेबलावर त्या वेळी दुसऱ्या एका कारखान्याचं काम उघडं होतं. तिने चेंबर तीनच्या ओळी वेगळ्या काढल्या. एरवी ती शेजारी भारतीय वेळेचा एक रकाना जोडायची. त्या दिवशी जोडला नाही. इतकंच नाही, तर प्रत्येक वेळेच्या शेवटी एक अधिक चिन्ह आणि चार शून्यं असायची, ही वेळ कुठली आहे ते सांगणारी, ती शेपटीही तिने कापून टाकली. ललित मोबाइलवर बघणार, ओळ तुटून खाली जाते, वाचायला त्रास होतो, म्हणून. कागद स्वच्छ दिसायला लागला. नऊ वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं. नऊ चौदाला, दार उघडं राहिलं की वाजणारा भोंगा कोणीतरी पॅनेलवरून बंद केला. अकरा वीसला दार लागलं. तिने रिपोर्ट पाठवला आणि आपल्या कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी चेंबर एकचा तापमान मोजणारा सेन्सर बदलायला ती स्वतः पिंपळगावला गेली. अशा फेऱ्यांत तिला तिथली एक बाई हमखास भेटायची. सिंधुबाई, पंचावन्नच्या आसपास, चेंबरची देखरेख करणारी. सकाळी सातला यायची आणि दुपारी दोनला जायची. आल्या आल्या सगळ्या दारांचे रबर हाताने चाचपून बघायची. डोक्याला मफलर, अंगात लेकाचं जुनं जर्किन, आणि कोणी दार लावायला विसरलं तर त्याची काही खैर नसायची. मागच्या वर्षी तिने रूपालीलाच झापलं होतं, "ताई, आत काय बघायचं ते दार लावून बघा. थंडी काय तुमच्या अंबडहून येती का?"

त्या दिवशी ती दिसली नाही. पेट्यांचं वजन करणाऱ्या चैतालीला रूपालीने विचारलं, "सिंधुबाई सुट्टीवर आहेत का?"

चैतालीने तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. "तुम्हाला माहीत नाही? काढलं त्यांना. मागच्या शुक्रवारी."

"का?"

"चेंबर तीनचं दार उघडं टाकलं म्हणून. तुमच्याच कागदावर आहे ना. सकाळी नऊ ते सव्वाअकरा. ललितदादांनी सगळ्यांसमोर तो कागद वाचून दाखवला. त्या म्हणत होत्या, मी दार उघडलंच नाही, भोंगा वाजलाच नाही. पण मशीनपुढं माणसाचं कोण ऐकतं?"

सकाळी नऊ हा आकडा रूपालीला ओळखीचाही वाटत होता आणि चुकीचाही.

"चैताली, त्या बुधवारी सकाळी तू होतीस? काही आठवतं?"

"आठवतं की. हजेरीच्या वेळेलाच लाईट गेली. अंगठ्याचं मशीन बंद पडलं, आम्ही पंचवीस बाया अंगणात उभ्या. साडेआठ वाजून गेले होते. मग जनरेटर लागला."

रूपाली तशीच कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटवर बसली आणि लॅपटॉप उघडला. बुधवारचा पूर्ण लॉग. साडेआठच्या आसपास वीज गेल्याची एकही ओळ नव्हती. ती वर वर सरकत गेली. तीन वाजून पाच मिनिटं: वीज गेली. तीन सात: जनरेटर सुरू.

तीन पाच म्हणजे आठ पस्तीस. तिला हे मोजावंही लागलं नाही. आणि मग नऊ बारा म्हणजे दुपारचे दोन बेचाळीस. दार लागलं ते चार वाजून पन्नास मिनिटांनी. दोन वाजता सिंधुबाई घरी गेलेल्या असायच्या.

पुढे कितीतरी दिवस तिला तो क्षण आठवायचा. चूक कळली तेव्हा पहिली भावना भीतीची नव्हती, लाजेची होती. ज्या एका गोष्टीत आपण कधी चुकत नाही असं ती मानत होती, तिथेच ती चुकली होती. तिला स्वतःला ती वेळ वाचता येत होती, म्हणून समोरच्यालाही येईल, असं तिने गृहीत धरलं होतं.

तिने बाहेर येऊन अमित सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आपण दुरुस्त रिपोर्ट मेल करू," ते म्हणाले. "वर एक ओळ लिहू, की आधीच्या रिपोर्टमधली वेळ जागतिक होती. हंगाम आहे, ते लोक आधीच तापलेले आहेत. तोंडी काही बोलू नकोस."

"सर, त्या बाईंना घरी बसवलंय. मेलमधली ओळ कोण वाचणार?"

"चूक त्यांचीही आहे. त्यांनी आपल्याला विचारायला हवं होतं."

"त्यांना विचारायचं सुचेल अशी खूण कागदावर होती, सर. ती मीच कापली."

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला. "बरं. सांग जाऊन. मी उद्या सकाळी येतो, रविराजभाऊंशी मी बोलेन. आणि हे बघ, सगळं अंगावर घेऊ नकोस. त्या कागदावर कंपनीचं नाव आहे."

ललित त्याच्या केबिनमध्ये होता. पस्तिशीचा, दोन फोन सतत हाताशी, डोळ्यांखाली हंगामाची झोप साचलेली. रूपालीने उभ्यानेच सांगितलं. कुठे चूक झाली, कोणाकडून झाली, खरी वेळ कुठली, आणि वीज गेल्याच्या ओळीवरून ती कशी पक्की झाली. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"दोन बेचाळीस?" त्याने विचारलं.

"हो. भोंगा दोन चव्वेचाळीसला बंद केलाय."

ललितने आपला एक फोन उचलला आणि आठवडाभरापूर्वीचे कॉल बघत खाली खाली गेला. बुधवारी दुपारच्या एका कॉलवर त्याचा अंगठा थांबला. मग त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"त्या दिवशी दुपारचा सुपरवायझर आला नव्हता," तो हळू आवाजात म्हणाला. "कंटेनर लागला होता. अर्धा माल भरून झाला आणि कागदांत काहीतरी अडलं. मी चेंबर तीनच्या दारातच उभा राहून एजंटशी बोलत होतो. तो भोंगा इतका ओरडत होता, की मला समोरचं ऐकू येईना. मीच सांगितलं, बंद करा ते." तो पुढे म्हणाला, "हमाल दिवसापुरते आलेले. दार लावायचं कोणाच्या ध्यानात राहणार? कागदावर नऊ वाचल्यावर मला दुपार आठवलीच नाही, मॅडम. खरंच नाही आठवली."

रूपालीला त्याचं खरं वाटलं. पण ती म्हणाली, "सिंधुबाईंना सांगायला हवं."

"बघतो मी," ललित म्हणाला.

त्या 'बघतो'चा अर्थ तिला लागेना. नाशिकला जाणारी बस समोर हायवेवर उभी होती. रूपाली तिच्यात चढली नाही. चैतालीकडून सिंधुबाईंचा पत्ता घेऊन ती रिक्षाने आहेरगावला गेली.

सिंधुबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. रूपालीला बघून त्या उठल्या नाहीत, पण सुनेला आतून पाणी आणायला सांगितलं.

"मावशी, दार तुमच्या वेळेत उघडलंच नव्हतं," रूपाली म्हणाली. "दुपारी पावणेतीनला उघडलं. चूक माझ्या कागदात होती."

सिंधुबाईंचे हात थांबले. "मशीन खोटं बोललं म्हणता?"

"मशीन खरंच बोललं. फक्त त्याने वेळ आपली लिहिली नव्हती. आता हे कसं सांगू..." तिला सोपा शब्द सापडेना. "तुमचा माल लंडनला जातो ना, तिथं आत्ता जी वेळ असेल ती."

"एवढंच ना? म्हायती हाय मला." सिंधुबाईंनी पुन्हा लसूण हातात घेतला. "त्या लंडनच्या साहेबाचा फोन येतो ना ललितला, तो कायम दुपार कलल्यावरच. आपलं जेवण होऊन भांडी घासून झाली, की तिकडं त्यांची सकाळ उगवती. बारा वर्सं ऐकतेय. मग मशीनबी तिकडच्या घड्याळाचं हाय, हे कागदावर का नाय लिव्हलं?"

"लिहिलेलं असतं. मी ते काढून टाकलं. कागद नीट दिसावा म्हणून."

सुनेने पाणी आणलं. रूपालीने ते घेतलं आणि तसंच ओट्यावर ठेवलं.

"लय वंगाळ वाटलं व्हतं मला," सिंधुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "घरी आले आन् मलाच वाटाया लागलं, का खरंच उघडं राहिलं आसंल? वय झालं, इसरले आसंन. चार रोज त्या सकाळचा एकेक टाईम आठवत बसले. कोनत्या दाराला हात लावला, कोनत्या नाय. माझा माझ्यावरचाच भरवसा उडवला त्या कागदानं."

रूपालीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही आणि सिंधुबाईंनीही तिला गप्प केलं नाही.

"मी काय करू, मावशी?"

"तुम्ही आलात, सांगितलंत, तुमचं झालं. आता ललितला सांगा, मला कामाचं नको काही. शेजारच्या पॅकहाऊसवाल्यानं सोमवारपासून बोलावलंय मला. पन मला काढलं ते हजेरीच्या टायमाला, समद्या बायांम्होरं. तर तसंच समद्यांम्होरं सांगायचं. कानात नाय."

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. संतोषने तिचा चेहरा बघितला आणि विचारलं. तिने सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे एखादा नट कमी कसला तर मशीन खडखडून सांगतं. तुमच्यात आवाजच होत नाही." मग तो उठून कुकर लावायला गेला.

शुक्रवारी सकाळी रूपाली आणि अमित सर हजेरीच्या आधी पिंपळगावला पोहोचले. रविराजभाऊ बागेतून तडक आले होते, पायातल्या बुटांना चिखल तसाच. अमित सरांनी दुरुस्त कागद पुढे केला आणि बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात ललितच मध्ये म्हणाला, "काका, त्यांचं नंतर ऐका. दार माझ्या वेळेत उघडं राहिलं. मी तिथंच होतो."

रविराजभाऊंनी पुतण्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "सिंधुबाईला निरोप धाडला का?"

"रात्रीच धाडला. येताहेत त्या."

म्हणजे त्याने 'बघतो' म्हटलं होतं ते खरोखर बघितलं होतं. रूपालीला आपल्या कालच्या शंकेचं वाईट वाटलं.

सिंधुबाई आल्या त्या चांगलं लुगडं नेसून, मफलरशिवाय. फाटकाच्या आत चार पावलांवर थांबल्या. पंचवीस बाया अंगठे लावून उभ्या होत्या. ललित पुढे आला. त्याला भाषण जमत नव्हतं. "मागच्या आठवड्यात मी सिंधुबाईंना बोललो ते चुकीचं होतं. दार त्यांनी उघडं टाकलं नव्हतं. माझ्याकडून राहिलं." एवढं बोलून तो थांबला, आणि पुढचं काय हे न कळल्यासारखा हात जोडून उभा राहिला.

रूपालीने त्याच्या शेजारी जाऊन आपली चूकही सांगितली. साडेपाच तासांचा हिशेब सगळ्या बायांना कळला की नाही, कोण जाणे. पण कागदावर लिहिलंय म्हणून ते खरंच असतं असं नाही, एवढं मात्र पोहोचलं असावं, कारण मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आणि आमच्या हजेरीच्या मशीनचं घड्याळ कुठलं हाय, ते पण बघा मग!" बाया हसल्या. रूपालीने ते खरंच बघितलं. तीन मिनिटं पुढे होतं. तिने लावून दिलं.

रविराजभाऊंनी सिंधुबाईंना परत यायला सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "शब्द दिलाय तिकडं," म्हणाल्या. जाताना मात्र सवयीने चेंबर दोनच्या दाराचा रबर चाचपून गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे रूपालीने जुने रिपोर्ट उपसण्यात घालवले. चौदा गिऱ्हाइकं, दोन वर्षांचे कागद. अशी कापलेली शेपटी आणखी सहा ठिकाणी सापडली. पाच ठिकाणी त्यातून काही बिघडलं नव्हतं. सहाव्या ठिकाणी, अंबडच्याच एका कारखान्यात, यादव नावाच्या वॉचमनला फाटक उशिरा उघडल्याबद्दल लेखी समज मिळाली होती. फाटक वेळेवरच उघडलं होतं. रूपाली तिथेही गेली. ती समज फाईलमधून काढून टाकेपर्यंत मॅनेजरच्या टेबलापाशी उभी राहिली. यादवला या सगळ्याचं नवल वाटलं. तो ती समज केव्हाच विसरला होता.

आता त्यांच्या कंपनीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दोन वेळा असतात, सर्व्हरची आणि आपली. वर ठळक अक्षरांत मराठीत लिहिलेलं असतं, कोणती कुठली. ओळ मोबाइलवर तुटून खाली जाते. जाऊ दे, असं रूपाली म्हणते.

चैत्रात ती आईला घेऊन सप्तशृंगीला गेली. येताना वणीच्या स्टँडवर बसची वाट बघत दोघी बसल्या होत्या. गर्दीतून कोणीतरी "ओ ताई" म्हणून हाक मारली. सिंधुबाई होत्या, सुनेबरोबर, कपाळभर कुंकू. नवीन ठिकाणी बरं चाललंय म्हणाल्या. तिथं तीन चेंबर आहेत आणि तिन्हींच्या चाव्या त्यांच्याकडे असतात.

सरुबाईंनी विचारलं, "ह्या कोण गं?"

रूपालीने तोंड उघडण्याआधीच सिंधुबाई म्हणाल्या, "माझं काम घालवलं व्हतं तुमच्या लेकीनं." सून एकदम गोरीमोरी झाली. सिंधुबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "आन् मग घरी येऊन सांगितलंबी तिनंच. बाकी कोनी आलं नसतं."

सरुबाई लेकीकडे बघतच राहिल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, बाकावर थोडं सरकून जागा केली आणि सिंधुबाईंना म्हणाल्या, "बसा. बसला अजून येळ हाय."